गाडी आपली, पण रस्ता कोणाचा?



गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी एका जुन्या मित्राचा फोन आला. "नागपूरला गाडीनेच निघालोय. शेजारची सीट रिकामी आहे, येतोस का?" मी दरवर्षी रेल्वेच्या जनरल डब्यात नाहीतर वस्तीतल्या लोकांबरोबर टेम्पोत बसून दीक्षाभूमीला जाणारा माणूस. म्हटलं, चला, एकदा असाही प्रवास करू.

गाडी बघितली आणि दोन मिनिटं बोलताच येईना. जर्मन बनावटीची कूपे. दोनच दारं, बसकं छप्पर, जमिनीला टेकल्यासारखं नाक. किंमत कोटीच्या घरात. पुढे दोघं ऐसपैस बसतात; मागे सीट आहे, पण तिथे मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. डिकीत दोन बॅगा कशाबशा बसल्या. पुस्तकांच्या स्टॉलसाठी मी दोन खोकी आणली होती. ती मागच्या सीटवर कोंबली. डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा पुतळा आणि काचेवर निळं अशोकचक्र.

मित्राचे आईवडील बहात्तरच्या दुष्काळात बुलढाणा जिल्ह्यातून मुंबईत आले. वडिलांनी गोदीत पाठीवर गोणी वाहिल्या. पोरगा शिकला, सॉफ्टवेअरमध्ये गेला, काही वर्षं परदेशात राहिला आणि परत येऊन त्याने ही गाडी घेतली. निघताना त्याने एक छोटी रील टाकली. नागपूर येईपर्यंत तिच्याखाली जे लिहून आलं, त्यावर हा लेख आहे.

तीन प्रकारचे लोक बोलले. पहिले म्हणाले, "बघा, आरक्षणाच्या पैशावर मजा." दुसरे आपलेच, ते म्हणाले, "समाज उपाशी आणि तुम्ही कोटीच्या गाड्या उडवता, हीच का बाबासाहेबांची चळवळ?" तिसरेही आपलेच, त्यांची छाती फुगली होती. "जयभीमवाल्यांचा नाद करायचा नाय! बघा कुठे पोहोचलो." मला या तिघांशीही भांडायचं आहे. सगळ्यात जास्त तिसऱ्यांशी, कारण मनातून मीही काही तास त्यांच्यातच होतो.

पहिल्यांचा हिशोब

पहिल्यांना उत्तर थोडक्यात. माझा मित्र खासगी कंपनीत नोकरी करतो आणि खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. गाडी त्याच्या पगारावर आणि बँकेच्या कर्जावर आली आहे. पण त्यांचं दुखणं आरक्षणाचं नाहीच. दुखणं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्याची उदाहरणं देऊन ठेवली आहेत. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढलं म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन चालून गेले. इंदूरकडच्या बलाई लोकांना जरीकाठी पागोटं घालायला बंदी केली. गुजरातेत बायकांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणलं म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. तूप, जर, तांबं-पितळ. आज त्या यादीत लग्नाचा घोडा आहे, बुलेट आहे आणि आता कूपे आली. तूप कोणाच्या घरचं होतं, हे चकवाऱ्यात कोणी विचारलं नव्हतं. ज्याने वाढलं त्याची पायरी कोणती, एवढंच विचारलं होतं. म्हणून या मंडळींना कर्जाचे हप्ते आणि पगाराच्या पावत्या दाखवत बसू नका. आपल्या घामाच्या पैशाचा हिशोब त्यांना द्यायला आपण त्यांचे नोकर नाही.

दुसऱ्यांचा उपदेश

आता आपल्यातले उपदेशक. यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण यातले पुष्कळजण खरोखर वस्तीत राबतात. ते १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या सभेची आठवण देतात. शिकलेल्या लोकांनी आपल्याला धोका दिला, ही बाबासाहेबांची तिथली वेदना खरी आहे. पण त्या वेदनेचा अर्थ "शिकलेल्याने चांगलं खाऊ-पिऊ नये, फिरू नये" असा कोणी लावला? स्वतः बाबासाहेब सुटाबुटात राहिले. उघडं अंग ही ज्यांच्यावर लादलेली शिक्षा होती, त्यांच्या नेत्याने त्यागाचा देखावा म्हणून उघडं राहणं नाकारलं.

आणि मोटारीच्या सहलीचंच म्हणाल, तर १९३४ साली बाबासाहेब स्वतः सहलीला गेले होते. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी आग्रह केला, सगळे मिळून कुठेतरी फिरायला जाऊ. बाबासाहेब तयार झाले, वेरूळची लेणी बघायची असं ठरलं. तीसेक माणसं, एक बस आणि मोटारी, नाशिकहून औरंगाबादकडे. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढून वाचा. चळवळीच्या ऐन धामधुमीत हा माणूस मित्रांबरोबर लेणी बघायला निघतो. तेव्हा फिरणं हे पाप नाही. आनंदावर आपलाही हक्क आहे, आणि तो मागायला कोणाच्या दारात जायची गरज नाही.

एवढं बोलून मी मित्राच्या बाजूने उभा राहिलो असतो आणि लेख इथेच संपला असता. पण वाटेत आम्ही महामार्गावरून खाली उतरलो.

वर एक जग, खाली दुसरं

आधी वरचं सांगतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला. सिमेंटचा सरळसोट रस्ता, कारला ताशी १२० ची मर्यादा. मित्र शहाणा, चढण्याआधी टायरची हवा तपासली, कारण सिमेंटवर टायर तापतात आणि या गाडीला स्टेपनीही नाही, नुसता पंक्चर बुजवायचा डबा. इगतपुरीचे बोगदे गेले आणि पुढे गाडीने जो सूर धरला, तो खोटं कशाला बोलू, मला आवडला. वळणावर गाडी जराही कलत नाही. पाय किंचित दाबला की पाठ सीटला चिकटते. टोलनाक्यावर फास्टॅग वाजला, दांडी वर गेली. कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

त्या टोलनाक्यावर मला १९०१ सालचा दुसरा टोलनाका आठवला. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं, साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेली. अंगावर नवे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर मास्तर आपुलकीने बोलला. कपडे बघून त्याला ही ब्राह्मणाची मुलं वाटली. "आम्ही महार" हे शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं आणि अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, मालक बाजूने चालणार. मध्यरात्री टोलवाल्याच्या झोपडीशी पोहोचले. डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी नाही. भीमरावाने मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. मुलं उपाशी झोपली.

आमच्या टोलनाक्याने जात विचारली नाही. मला वाटलं, झाली प्रगती. यंत्राला जात कळत नाही.

पुढे माळीवाड्याचा फाटा आला. तिथे उतरलं की दौलताबाद अगदी जवळ. मित्र म्हणाला, "नंतर कधीतरी." आम्ही वरूनच पुढे गेलो. मेहकरच्या पुढे मात्र उतरावं लागलं, कारण मित्राच्या आईचं गाव तिथे आत आहे आणि मावशीला भेटल्याशिवाय तो नागपूरला जात नाही.

फाट्यापासून रस्ता बदलला. गतिरोधक आला की गाडी तिरकी घालायची, तरी पोटाला घासायची. गावाच्या चौकात पोरं गोळा झाली. पारावरून एक धोतरवाले बाबा उठून आले. प्रेमाने गाडीभोवती फिरले, बॉनेटवर हात ठेवला. "कोनाची हाय गाडी?" मित्र म्हणाला, "माझीच, बाबा." "गाव कोनतं? कोनाकडं आले?" मित्राने मावशीच्या घराचं नाव सांगितलं, त्यात आडनाव आलं. बाबांचा हात बॉनेटवरून खाली आला. काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आसं आसं. मंग मालक कुठं हाये? तुमी डायवर ना?"

मी मसूरचा स्टेशनमास्तर पुस्तकात वाचला होता. त्या दिवशी समोर बघितला.

मित्र हसला. "हो बाबा, मालक मागून येतायत," म्हणाला आणि गाडी बौद्धवाड्याकडे वळवली. कोटीच्या गाडीचा मालक स्वतःच्या आईच्या गावात स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हर झाला, कारण वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. मी त्याला दोष देत नाही. अमेरिकेत वंशभेदाच्या काळात काळी माणसं बसमधला अपमान टाळायला स्वतःची मोटार घेत. तरी लांबच्या प्रवासात जेवण, पांघरूण, जादा पेट्रोल सोबत ठेवत, कारण वाटेत कोणतं हॉटेल दार उघडेल याचा भरवसा नसे. कुठे थांबता येईल हे सांगणारं 'ग्रीन बुक' व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी काढलं ते १९३६ साली, म्हणजे 'जातिनिर्मूलना'च्याच वर्षी. काहीजण तर गाडीत ड्रायव्हरची टोपी ठेवत. गोऱ्या पोलिसाने अडवलं की टोपी घालायची आणि म्हणायचं, गाडी साहेबांची आहे. माझ्या मित्राने त्या दिवशी तीच टोपी घातली, फक्त ती दिसत नव्हती.

तिसऱ्यांना सांगायचं ते हे

"बघा कुठे पोहोचलो" म्हणणाऱ्या मित्रांनो, कुठे पोहोचलो? व्हेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाचा सिद्धांत मांडला, तो एम.ए.ला आपण पाठ केला. महाग वस्तू दाखवली की समाजात पत वाढते, असं तो म्हणतो. पण त्याच्या समाजात श्रेणीबद्ध विषमता नव्हती. आपल्याकडे वस्तूने वाढलेली पत आडनाव सांगेपर्यंतच टिकते. स्टेशनमास्तराची आपुलकी टोपीसाठी होती आणि पारावरच्या बाबांचं प्रेम बॉनेटसाठी.

१९२९ साली चाळीसगावला काय झालं? बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर, सरकारी समितीचे सदस्य. टांगेवाले महाराला बसवून न्यायला तयार होईनात. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला वस्तीतलाच माणूस बसला, ज्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टरपेक्षा टांगेवाला स्वतःला मोठा समजतो, हा धडा त्यांनी त्यातून लिहून ठेवला. विलायतेची पदवी त्या टांग्यात चालली नाही. तिथे तुमची चारशे-पाचशे अश्वशक्ती काय चालणार?

समृद्धीवर कोणी जात विचारत नाही, कारण तिथे कोणी कोणाशी बोलतच नाही. ती समता नव्हे, नुसतं अनोळखी असणं आहे. ताशी १२० च्या वेगाने गावं मागे पडतात, म्हणून गावातली जात मागे पडली असं आपल्याला वाटतं. ती गावातच असते, आपण उतरायची वाट बघत. मी स्वतः टोलनाक्यावर फसलो, म्हणून हे इतक्या जोरात सांगतो आहे.

आणि हा रस्ता कोणाचा, तेही बघा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, रिक्षाला बंदी आहे. सुरक्षेसाठी ती योग्य असेल, मी वाद घालत नाही. पण आपला कार्यकर्ता कशावर फिरतो? दुचाकीवर. मजूर कशाने जातो? रिक्षा, काळीपिवळी, एसटी. रस्त्यासाठी जमिनीची थेट खरेदी झाली, तेव्हा पैसा सातबारा उताऱ्यावरच्या नावाला मिळाला. त्याच शेतावर पिढ्यान्‌पिढ्या रोजाने राबलेल्या माणसाचं नाव उताऱ्यावर नव्हतं. हे नाव लागावं म्हणूनच दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले होते. ती लढाई अर्धवट राहिली आणि तिच्यावरून सिमेंट गेलं. १ ऑगस्ट २०२३ ला शहापूरजवळ सरळांबे इथे पुलाचं काम चालू असताना अवजड यंत्र कोसळून वीस जण गेले. त्याच्या महिनाभर आधी, १ जुलैला, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी जळून मेले. तिथून जाताना मित्राने गाणं बंद केलं. तेवढा तो माणूस आहे.

आता वेगाबद्दल. आपल्या काही पोरांच्या रीलमध्ये डॅशबोर्डवर संविधानाची प्रत दिसते आणि काटा १८० वर. अरे, ज्याच्या प्रतिमेसमोर हे करता, त्या माणसाने कायद्याचं राज्य दिलं! मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि त्याला पहिल्यांदा जामीन मिळाला तो तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. आपण सगळे संतापलो होतो. संताप खरा असेल तर आपल्या हातातलं स्टिअरिंगही त्याच कायद्याने चालायला हवं. त्यांची मस्ती उचलणं म्हणजे बरोबरी नव्हे.

मग करायचं काय?

गाडी विकायला मी सांगत नाही. १९३४ ची सहल पुन्हा आठवा. वाटेत ओळख न सांगता जायचं आणि जिथे आपली माणसं आहेत तिथे थांबायचं, असं त्या मंडळींनी ठरवलं होतं. मधल्या गावांत कोणी विचारलं नाही, प्रवास सुखाचा झाला. दौलताबादला मात्र वस्तीतले लोक वाट बघत उभे होते, चहा घ्या म्हणत होते. किल्ला बघून येताना घेऊ, असं सांगून मंडळी पुढे गेली. दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले आणि ओरडा झाला, हौद बाटवला. पुढे आत सोडलं ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती आणि तो सत्याग्रह करणारा माणूसच तिथे उभा होता. मोटारीत बसून तिथवर आले म्हणून हौद खुला झाला नाही. हौद खुला करायला महाडच करावं लागतं.

म्हणून कूपे असो की सेकंडहँड अल्टो, लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक आंबेडकरी तरुणाला माझं चार गोष्टींचं मागणं आहे.

एक, फाट्यावर उतरा. जाताना नाहीतर येताना एका तरी वस्तीत थांबा. तिथली अभ्यासिका बघा, नसेल तर का नाही ते विचारा. मित्राच्या मावशीच्या वस्तीत विहार आहे, पण अभ्यासिकेत पुस्तकं नव्हती. माझं एक खोकं तिथेच उतरलं.

दोन, आडनाव लपवू नका. कोणी "मालक कुठं आहे" विचारलं, तर शांतपणे सांगा, मालक मीच. जिथे जिवाला धोका असेल तिथे शहाणपण वापरा, पण नुसत्या अवघडलेपणापायी ड्रायव्हरची टोपी घालू नका. तुम्ही घातलीत, तर तिथे राहणाऱ्या पोराला ती कायम घालावी लागते.

तीन, रस्त्याचं राजकारण हातात घ्या. महामार्गाशेजारच्या किती वस्त्यांना एसटी मिळते, किती वस्त्यांच्या स्मशानभूमीला रस्ता आहे, भुयारी मार्गात पावसाळ्यात किती पाणी साचतं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ज्याच्याकडे इंजिनिअरचं डोकं आहे त्याने नकाशे वाचावेत, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने वकिलाची फी भरावी. गाडीच्या एका टायरच्या पैशात एका वस्तीतल्या अभ्यासिकेची पुस्तकं येतात. हे टोमणा म्हणून सांगत नाही, हिशोब म्हणून सांगतो.

चार, वेगमर्यादा पाळा. यावर चर्चा नको.

'कूपे' हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ कापलेली. चार माणसांची घोडागाडी कापून दोघांची केली, तिला हे नाव पडलं. माझ्या मित्राची गाडी तशी आहे, त्यात त्याचा गुन्हा नाही. पण आपला शिकलेला वर्ग तसा झाला तर मात्र गुन्हा आहे. मी, माझी बायको, पुढे सरळ रस्ता, आणि मागची सीट फक्त नावाला.

मावशीच्या घरून निघताना तिची नात दहावीतली, ती गाडीकडे बघत उभी होती. तिला दीक्षाभूमी बघायची होती, कधीच बघितली नव्हती. मित्राने माझ्याकडे बघितलं. मी उरलेलं खोकं मांडीवर घेतलं. पोरगी आणि तिची आई मागे कशाबशा बसल्या, पाय दुमडून. नागपूरपर्यंत दोघींची एकही तक्रार नव्हती. पोरगी सगळा वेळ एकच विचारत होती, "दादा, ही गाडी खरंच तुमची आहे?"

"माझीच आहे," मित्र म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

क्रांतिकारी जयभीम!